मला येते, पण माझ्याने करवत नाही : डोंगरी सायकलीचे शिक्षण आणि गेलेला धीर

१

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने सायकलीविषयी लिहावे, आणि तेही विभागाच्या संशोधनपत्रिकेत, ह्याचे काही वाचकांस नवल वाटेल. म्हणून आरंभीच विषयाची मर्यादा सांगून ठेवणे इष्ट. एकदा अंगवळणी पडलेले कौशल्य अपघातानंतर हाताशी येईनासे झाले, तर शिकवण्याने ते परत मिळवता येते काय; आणि येत असल्यास शिकवणाराने कोणते शब्द उच्चारावेत व कोणते टाळावेत, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. उदाहरण सायकलीचे आहे. परंतु ज्यांना वर्गात शिकवावे लागते त्या सर्वांस हा प्रश्न लागू पडेल असे वाटते.

उदाहरण सायकलीचे निवडण्याचे कारण वैयक्तिक आहे. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदातील एका सकाळी, पन्हाळ्याच्या पश्चिमेस असलेल्या मसाई पठारावरून उतरत असता, ओल्या जांभ्यावर प्रस्तुत लेखकाच्या सायकलीचे पुढचे चाक घसरले. हासळीचे हाड मोडले. हाड दोन महिन्यांत सांधले. परंतु त्यानंतर दीड वर्ष कोणत्याही उतारावर सायकल नेण्याची वेळ आली की हात आवळले जात, दोन्ही ब्रेक आपोआप दाबले जात आणि शेवटी खाली उतरून सायकल ढकलत न्यावी लागे. पूर्वी तोच उतार शंभर वेळा उतरलो होतो. शरीर बरे झाले होते व कौशल्य कोठे गेले असण्याचे कारण नव्हते. मग गेले होते ते काय?

मित्रमंडळी एकच उपाय सांगत : ‘घाबरू नकोस, एकदा उतरलास की झाले.’ ह्या वाक्याचा हेतू प्रेमाचा होता आणि त्याचा उपयोग काहीही झाला नाही. तो का झाला नाही, ह्याचे उत्तर शोधता शोधता मला माझ्याच विषयाकडे परत यावे लागले.

२

डोंगरी सायकल, म्हणजे जिला आता सर्वत्र माउंटन बाइक म्हणतात ती, हे तुलनेने अलीकडचे वाहन आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन परगण्यात काही तरुणांनी १९७० नंतरच्या दशकात जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरावरील कच्च्या वाटांवरून उतरण्यास सुरुवात केली. १९७६ साली तेथे सुरू झालेल्या उताराच्या शर्यतीला ‘रीपॅक’ असे नाव पडले. मागच्या चाकाच्या तुंब्यातील ब्रेक उतारावर इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई, आणि प्रत्येक फेरीनंतर तुंब्यात नवे ग्रीस भरावे लागे. हे पुन्हा भरणे म्हणजेच ‘रीपॅक’. ब्रेकचा प्रश्न ह्या खेळाच्या जन्मापासूनच त्याच्या नावात गोवला गेला आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९९० साली अमेरिकेतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ह्या खेळाचा समावेश झाला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात आशियाई स्पर्धा केरळातील पोनमुडी येथे भरली.

कोल्हापूरच्या वाचकास ह्या खेळाची भूमी निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. शहराच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर पन्हाळा, त्याच्या अलीकडे जोतिबाचा डोंगर, पश्चिमेस गगनबावड्याचा घाट, नैर्ऋत्येस राधानगरी व दाजीपूरचे रान. डांबरी रस्ता सोडला की उसाच्या फडांमधल्या पाणंदी लागतात. त्या संपल्या की मुरूम, आणि वर चढले की जांभ्याचा सडा. उन्हाळ्यात ह्या सड्याचा खरखरीतपणा टायरला उत्तम धरतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळाचा पातळ थर येतो आणि तीच जागा साबणासारखी निसरडी होते. एकाच वाटेची अशी दोन रूपे असल्यामुळे येथे सायकल चालवणाराला केवळ बळ पुरत नाही. जमीन वाचण्याचे कसब लागते.

३

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. अपघातानंतरच्या माझ्या स्थितीचे वर्णन करण्यासाठी मराठीत दोन वाक्ये उपलब्ध आहेत, आणि ती एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

पहिले : ‘मला उतार उतरता येत नाही.’ दुसरे : ‘माझ्याने उतार उतरवत नाही.’

पहिल्या वाक्यात कौशल्याचा अभाव आहे. ज्याने कधी शिकूनच घेतले नाही तो हे म्हणेल. दुसऱ्या वाक्यातील रूप आपल्या व्याकरणकारांनी शक्य क्रियापद म्हणून नोंदविलेले आहे. ‘माझ्याने बघवत नाही’, ‘त्याच्याने बोलवेना’, ‘आजीच्याने आता चालवत नाही’ ही त्याची नेहमीची उदाहरणे. बघण्याची विद्या बोलणाराजवळ नाही असे ‘बघवत नाही’ ह्याने सुचत नाही. डोळे आहेत, दृष्टी आहे. परंतु आतून काहीतरी आड येते. ते कधी शरीराचे दौर्बल्य असते, कधी दुःख, कधी भय. म्हणूनच ‘मला उतरता येते, पण माझ्याने उतरवत नाही’ हे वाक्य मराठी मनाला मुळीच विसंगत वाटत नाही. इंग्रजीत ह्या दोन्ही ठिकाणी बहुधा एकच सहायक क्रियापद वापरले जाते आणि भेद संदर्भावर सोडला जातो. मराठीने तो क्रियापदाच्या रूपातच दाखविला आहे.

ह्या दोन्ही रचनांचा आणखी एक समान विशेष आहे. दोहोंतही बोलणारा प्रथमेत नाही. ‘मला येते’, ‘मला भीती वाटते’, ‘माझ्याने करवते’ ह्या सर्व वाक्यांत माणूस हा क्रिया करणारा नसून जिच्याकडे काही येते, जिला काही वाटते अशी व्यक्ती आहे. विद्या येते, भय वाटते, धीर सुटतो. ह्यांपैकी कशालाही सरळ आज्ञा करता येत नाही. ‘तुला पोहता ये’ असे आपण म्हणत नाही. फार तर ‘तुला पोहता येवो’ अशी इच्छा व्यक्त करतो. ‘घाबरू नकोस’ हे वाक्य ह्या दृष्टीने फसवे आहे. त्याचे रूप आज्ञेचे आहे, परंतु ज्या क्रियेची ती आज्ञा आहे ती ऐकणाराच्या ताब्यात नाही. घाबरणे हे उठणे किंवा बसणे ह्यांसारखे नव्हे. ताब्यात नसलेल्या गोष्टीची आज्ञा मिळाली की ऐकणारा ती पाळू शकत नाही, आणि न पाळल्याची खंत मात्र त्याच्या माथी येते. आधी केवळ भय होते, आता भय आणि अपराधीपणा अशा दोन गोष्टी झाल्या.

‘आत्मविश्वास’ ह्या शब्दानेही अशीच दिशाभूल होते. मराठीत विश्वास नेहमी कशा‘वर’ तरी असतो : माणसावर, शब्दावर, औषधावर. ‘आत्म’ हे पूर्वपद लागले की विश्वासाचे ठिकाण स्वतःच्या अंतःकरणात आहे असा समज होतो आणि माणूस ते तेथे शोधू लागतो. उतारावरील सायकलस्वाराचा विश्वास प्रत्यक्षात फार साध्या वस्तूंवर असतो : टायर जमीन धरील, ब्रेक सांगितले तेवढेच दाबतील, पायाखालचे पायडल हलणार नाही. माझा विश्वास उडाला होता तो ह्या वस्तूंवरचा. मग तो मनात शोधून कसा सापडणार?

४

दीड वर्षाने मी एका तरुण शिक्षकाकडे गेलो. तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान, आणि डोंगरवाटांवर सायकल शिकवणे हाच त्याचा व्यवसाय. पहिल्या दिवशी त्याने मला डोंगराकडे नेलेच नाही. एका सपाट, मोकळ्या मैदानात त्याने चार-पाच अर्ध्या विटा मांडल्या आणि भीतीचा शब्दही न काढता काम सुरू केले. पुढील सहा आठवड्यांत जे झाले त्याचे घटक मी येथे क्रमाने नोंदवितो, कारण शिक्षणाची युक्ती त्या क्रमातच आहे.

पहिला घटक उभे राहण्याचा. सीटवरून उठावयाचे, दोन्ही पायडले एका पातळीत ठेवावयाची, गुडघे व कोपरे किंचित वाकवावयाची, आणि अंगाचा भार हातांवर न टाकता पायांवर टाकावयाचा. घाबरलेला माणूस ह्याच्या नेमके उलट करतो. तो सीटवर घट्ट बसतो, हात ताठ करतो आणि हँडलवर रेलतो. ताठ हातांनी धरलेल्या हँडलमधून प्रत्येक धोंड्याचा हिसका थेट खांद्यात जातो आणि खांद्यातून परत हँडलकडे येऊन चाक वाकडे करतो. म्हणजे ज्या अस्थिरतेची त्याला भीती असते ती तो स्वतःच निर्माण करीत असतो.

दुसरा घटक ब्रेकचा. पुढचा ब्रेक दाबला तर सायकल पुढे उलटेल ही समजूत आपल्याकडे सार्वत्रिक आहे, आणि तिच्यात अर्धे सत्य आहे. वेग कमी होऊ लागला की भार पुढच्या चाकावर सरकतो. त्यामुळे पुढच्या चाकाची पकड वाढते, मागच्याची घटते. स्वार व सायकल मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे १ मीटर उंच आणि पुढचे चाक जमिनीला टेकते त्या बिंदूच्या सुमारे अर्धा मीटर मागे धरला, तर उलटण्याची वेळ येण्यापूर्वी गुरुत्वत्वरणाच्या सुमारे निम्म्या दराने वेग कमी करता येतो. सपाट, कोरड्या व धरणाऱ्या जमिनीवर ताशी २० किलोमीटर वेगाची सायकल ह्या हिशेबाने सुमारे ३ मीटरांत थांबते; तोच वेग ४० असेल तर सुमारे १२.५ मीटर लागतात, कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. केवळ मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ही अंतरे ढोबळमानाने दुप्पट होतात. उतारावर आणि सुट्या मुरुमावर ती आणखी वाढतात. स्वाराने अंग खाली व मागे घेतले की गुरुत्वमध्यही खाली व मागे जातो आणि उलटण्याचा धोका कमी होतो. पुढचा ब्रेक वर्ज्य करण्यात शहाणपण नाही. तो एका बोटाने, हळूहळू दाब वाढवीत, आणि वळणाच्या आधी वापरावयाचा. आवळून थांबलेले चाक फक्त घसरते, वळत नाही. मसाई पठारावर माझे जे झाले ते हेच होते, आणि हे मला एका विटेजवळ थांबण्याचा सराव वीस वेळा केल्यावर उमगले.

तिसरा घटक नजरेचा. सायकल नजरेच्या मागोमाग जाते. खड्ड्याकडे टक लावणारा खड्ड्यात जातो, कारण डोळ्यांबरोबर मान, मानेबरोबर खांदे आणि खांद्यांबरोबर हँडल वळते. शिक्षकाने मला दोन विटांमधील मोकळ्या जागेतून जावयास सांगितले. मी तिन्ही वेळा वीट उडविली. तेव्हा तो म्हणाला, ‘सर, वीट कशाला बघताय? वाट बघा की!’ ‘वाट बघणे’ म्हणजे थांबणे, प्रतीक्षा करणे, हा अर्थ आपल्याला इतका सवयीचा आहे की त्या शब्दांचा मूळ अर्थ मला त्या क्षणी नव्याने ऐकू आला. चौथ्या वेळी मी वाट बघितली आणि वीट जागेवर राहिली.

चौथा घटक वळणाचा. येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. डावीकडे वळावयाचे असेल तर चालत्या सायकलीचे हँडल प्रथम क्षणभर उजवीकडे जाते. त्यामुळे सायकल डावीकडे कलते आणि मग वळते. प्रत्येक सायकलस्वार हे करतो आणि बहुतेकांना हे ठाऊक नसते. ज्ञानाच्या अव्यक्त बाजूचे विवेचन करताना मायकेल पोलान्यी यांनी १९५८ साली सायकलीचेच उदाहरण घेतले होते : तोल राखण्याचा जो नियम स्वार पाळतो तो त्याला सांगता येत नाही, आणि सांगितला तरी त्याने सायकल चालवता येऊ लागत नाही. सायकल आपणहून उभी का राहते ह्याविषयी शास्त्रज्ञांचीही समजूत अलीकडेपर्यंत अपुरी होती. फिरत्या चाकांचा घूर्णी परिणाम आणि पुढच्या चाकाची विशिष्ट मांडणी ही त्याची कारणे सांगत. पण २०११ साली ह्या दोन्ही गोष्टी काढून टाकलेली एक प्रायोगिक सायकलही विशिष्ट वेगात आपला तोल आपण सांभाळते असे दाखवून देण्यात आले. शरीराला जे येते ते सांगता येईलच असे नाही. म्हणून सांगणाराची भाषा हा एक स्वतंत्र प्रश्न ठरतो.

५

त्या शिक्षकाच्या वाक्यांची मी घरी येऊन टिपणे ठेवीत असे. त्यांतून तीन गोष्टी दिसून आल्या.

एक, तो निषेधार्थी आज्ञा जवळजवळ वापरीतच नसे. मराठीत निषेधाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो. ‘खड्ड्याकडे जाऊ नका’ ह्या वाक्यात ऐकणाराच्या कानी आधी ‘खड्ड्याकडे’ पडते, मग ‘जाऊ’, आणि सर्वांत शेवटी ‘नका’. हे वाक्य उच्चारण्यास सुमारे एक सेकंद लागतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा स्वार तेवढ्या वेळात साडेपाच मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे निषेध पोहोचेपर्यंत खड्डा आलेला असतो आणि मधल्या काळात मनात केवळ खड्ड्याचे चित्र उभे असते. ‘उजवीकडून’ हा एकच शब्द ह्यापेक्षा अधिक काम करतो.

दोन, तो अवयवाचे नाव घेण्याऐवजी अवयवाने बाहेर काय करावयाचे ते सांगे. ‘टाच खाली’ असे त्याने प्रथम सांगितले तेव्हा मी टाचेकडे लक्ष देऊ लागलो आणि बाकीचे अंग आखडले. मग त्याने शब्द बदलले : ‘पायडल जमिनीत रोवा.’ टाच आपोआप खाली गेली आणि गुडघा सैल राहिला. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली बर्फावरील घसरणीची नक्कल करणाऱ्या यंत्रावर असाच प्रयोग केला होता. ज्यांचे लक्ष स्वतःच्या पायांकडे वेधले गेले त्यांच्यापेक्षा, पायांखालच्या यंत्राच्या चाकांकडे ज्यांचे लक्ष वेधले गेले ते अधिक चांगले शिकले. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर, आज्ञेतील कर्म शरीराबाहेरचे असावे.

तीन, संबोधनाचा प्रश्न. तो मला ‘सर’ म्हणे व ‘तुम्ही’ वापरी. वयाने व रिवाजाने ते स्वाभाविकच होते. परंतु चालत्या सायकलीवर ‘जरा ब्रेक सोडता का, सर’ असे आर्जव करण्यास वेळ नसतो, आणि ‘सोड’ असे एकेरी म्हणणे त्याच्या जिभेवर येईना. ह्या पेचातून त्याने नकळत एक सुरेख वाट काढली. तो क्रियापदच गाळू लागला. ‘नजर!’, ‘कोपर!’, ‘एक बोट!’, ‘हलके!’ ह्या उद्गारांत ना तू आहे ना तुम्ही. आदराची व्यवस्था न मोडता आज्ञा जितकी आखूड करता येईल तितकी त्याने केली. आपल्या भाषेतील आदरार्थी रूपांचा विचार करताना अशा क्रियापदरहित आज्ञांकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय प्रबंधासाठी घ्यावा अशी सूचना येथे जाता जाता करतो.

६

ह्या पद्धतीत कोल्हापूरच्या माणसाला अपरिचित असे काही नाही. आखाड्याच्या कडेला उभा असलेला वस्ताद पोराला ‘घाबरू नकोस’ असे फारसे सांगत नाही. तो म्हणतो, ‘कब्जा घे’, ‘पट काढ’, ‘दम धर’. प्रत्येक आज्ञा ताब्यातल्या क्रियेची आहे, दोन शब्दांची आहे, आणि तिच्यामागे शेकडो वेळा घोटलेला एकेक डाव आहे. डाव आधी सुटा घोटावयाचा, मग जोडीदाराबरोबर, मग खडाखडीत, आणि शेवटी मैदानात. हा क्रम तालमीत कोणी लिहून ठेवलेला नसला तरी सर्वांस ठाऊक आहे.

ह्या संदर्भात खाशाबा जाधव यांचे उदाहरण बोलके आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात ते सहावे आले. लाल मातीत तयार झालेल्या ह्या मल्लाला गादीवरच्या कुस्तीचा व तिच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा सराव नव्हता. लंडनमध्ये अमेरिकन मल्ल रीस गार्डनर यांच्याकडून त्यांना मार्गदर्शन मिळाले. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकी येथे त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पायाखालची जमीन बदलली की चांगल्या कसबी माणसालाही पुन्हा शिकावे लागते, आणि त्यात कमीपणा नाही, एवढाच बोध येथे घ्यावयाचा. सहाव्या क्रमांकावरील मल्लाला कमी पडले होते ते धाडस नव्हते. डांबरी घाटावर वर्षानुवर्षे सायकल हाकलेला माणूस ओल्या सड्यावर पडतो, तेव्हा त्याचेही असेच झालेले असते.

७

मानसशास्त्राचा आधार ह्या निरीक्षणांस मिळतो. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली, ‘हे मला जमेल’ ह्या भावनेचे चार उगम सांगितले : स्वतः करून दाखविलेले यश, दुसऱ्याचे यश पाहणे, कोणीतरी शब्दांनी पटविणे, आणि शरीराची तत्कालीन अवस्था. ह्यांत पहिला उगम सर्वांत बलवान, आणि नुसत्या शब्दांनी पटविणे हे त्या मानाने दुबळे. माझ्या मित्रांनी तिसरा उगम वापरला होता, शिक्षकाने पहिला. एका विटेजवळ नेमके थांबता येणे हे यश क्षुल्लक दिसते. परंतु ते खरे असते, आणि खरे असल्यामुळेच त्यावर पुढचे यश रचता येते. ह्याच कारणाने तो शिक्षक ‘शाब्बास’ हा शब्दही जपून वापरी. न कमावलेली शाब्बासकी शिष्याला लगेच ओळखू येते, आणि मग कमावलेलीही खोटी वाटू लागते.

ह्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला असा : अंगवळणी पडलेल्या क्रियेचे असे तुकडे करून त्यांकडे जाणीवपूर्वक लक्ष दिले तर ती आणखी बिघडणार नाही काय? हा धोका काल्पनिक नाही. कौशल्य संपादनाचा प्रवास जाणीवपूर्वक विचारापासून सहजतेकडे होतो, असे फिट्स व पोस्नर यांनी १९६७ साली मांडले. आणि दडपणाखाली माणूस सहज झालेल्या क्रियेवर पुन्हा नियम लादू लागला की ती अडखळते, असे मास्टर्स यांनी १९९२ साली प्रयोगाने दाखविले. परंतु भ्यालेल्या माणसाची सहजता अपघातानेच मोडलेली असते. तो आधीच पावलोपावली स्वतःवर पहारा करीत असतो. शिक्षक त्या पहाऱ्याला एकेक ठोस काम देतो, आणि काम जमले की ते पुन्हा विसरू देतो. तुकडे सपाट मैदानात करावयाचे. उतारावर मात्र एकच शब्द जवळ ठेवावयाचा. मी ‘वाट’ हा शब्द ठेवला होता.

दुसरा आक्षेप असा की, प्रत्येक भय शिकवण्याने जात नाही. हे खरे आहे. ज्याला अपघाताची स्वप्ने पडतात, झोप येत नाही, रस्ता दिसताच छाती धडधडते, त्याने सायकलीच्या शिक्षकाकडे जाण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा. आणि काही भय तर जाऊच नये. निसरड्या दगडाचे भय हे त्या दगडाविषयीचे ज्ञानच होय. धीर गेलेल्या माणसाला सर्वच उतार सारखे भयंकर वाटतात. शिक्षणाने त्याला हा उतार आणि तो उतार ह्यांत भेद करता येऊ लागतो, आणि भय जेथे असावयास हवे तेवढ्याच जागी उरते.

८

सहा आठवड्यांनंतर, माघ महिन्यात, सडा कोरडा असताना, मी मसाई पठारावरून त्याच वाटेने उतरलो. शिक्षक पुढे होता आणि काही बोलत नव्हता. ज्या जागी पडलो होतो ती जागा मी ओळखली. ती अपेक्षेपेक्षा लहान निघाली. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेथे गेलो. जांभ्यावर हिरवे शेवाळ आले होते. त्या दिवशी मी त्या दगडापाशी सायकलीवरून उतरलो, वीस-एक पावले चाललो आणि पलीकडे पुन्हा बसलो. बाहेरून पाहणाराला ही कृती दीड वर्षाच्या भित्रेपणातील कृतीसारखीच दिसली असती. माझ्या लेखी तिचे व्याकरण बदलले होते. पूर्वी ‘माझ्याने उतरवत नाही’ म्हणून मी चालत असे. आता ‘मी येथे उतरत नाही’ असे म्हणून चाललो. वाक्यातला ‘मी’ प्रथमेत परत आला होता.

परीक्षेत एकदा अपयश आल्यावर फळ्यापाशी येण्यास बिचकणारा विद्यार्थी आपल्या प्रत्येकाच्या वर्गात असतो. त्याला आपण बहुधा ‘घाबरू नकोस’ असेच सांगतो, आणि आपले कर्तव्य झाले असे मानतो. त्याला येत नाही की त्याच्याने करवत नाही, हे आधी विचारावे. आणि उत्तर दुसरे आले तर धीराविषयी काही न बोलता, त्याच्या ताब्यातले, आजच्या आज पुरे होईल असे एक लहान काम त्याच्या हाती द्यावे.